पावले तिची, पदके त्यांची

लग्नघरात एक मावशी असतेच. कुणाची सख्खी असो, चुलत असो, नाहीतर शेजारची. नवरीला नऊवारी शालू नेसवायचा म्हटले की तिलाच हाक जाते. ती येते, खोलीचे दार लोटून घेते, दोन टाचण्या ओठांत धरते आणि कामाला लागते. "जरा सरळ उभी राहा गं. श्वास सोड. हां, आता खाली बस पाहू. बसता येतंय ना?" उंच मुलीच्या निऱ्या कशा घालायच्या, अंगाने भरलेल्या मुलीचा ओचा कसा काढायचा, हे तिला नुसत्या नजरेने कळते. नवरी मांडवात येते. सगळे म्हणतात, "काय सुंदर दिसतेय हो!" फोटो निघतात. फोटोत मावशी नसते. ती आतल्या खोलीत सांडलेल्या टाचण्या गोळा करीत असते.

आज तुम्हाला अशाच एका बाईची हकिकत सांगायची आहे. ती कॅनडातली, टोरांटो शहरातली. आणि ती शालू नेसवीत नाही, बर्फावरचे नाच बसवते. तिचे नाव सॅन्ड्रा बेझिक. तिने बसवलेल्या नाचांवर १९८८, १९९२ आणि १९९८ अशा तीन हिवाळी ऑलिंपिकमध्ये तीन जणांनी सुवर्णपदके जिंकली. तिच्या स्वतःच्या नावावर मात्र ऑलिंपिकचे एकही पदक नाही. ती स्वतः बर्फावर उतरत असे तेव्हा ते मिळाले नाही, आणि नाच बसवणाऱ्याला पदक देण्याची तर पद्धतच नाही.

तुम्ही म्हणाल, "आमचा बर्फाशी संबंध म्हणजे फ्रीजमधला, नाहीतर गोळेवाल्याच्या गाडीवरचा. आम्हाला काय त्याचं?" थोडे थांबा. गोष्ट बर्फाची असली तरी ती तुमच्या-माझ्या ओळखीची आहे.

चार मिलिमीटरवर उभे राहायचे

आधी हा खेळ काय आहे ते थोडक्यात पाहू. फिगर स्केटिंगचे मैदान साधारण ६० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद. सगळा गुळगुळीत बर्फ. पायात घोट्याच्या वर येणारे घट्ट बूट आणि बुटाच्या तळाला पोलादी पाते. हे पाते जेमतेम चार मिलिमीटर रुंद. तेही मधून किंचित खोलगट, त्यामुळे त्याला दोन धारा असतात. एक आतल्या बाजूची, एक बाहेरच्या बाजूची. सारे कसब या दोन धारांवर. कधी आतल्या धारेवर झुकायचे, कधी बाहेरच्या. पात्याच्या पुढच्या टोकाला करवतीसारखे दाते असतात. काही उड्यांत ते बर्फात रोवून अंग वर फेकतात.

उडी मारली की हवेत गिरक्या घ्यायच्या. दोन, तीन आणि अलीकडे तर चारसुद्धा. खाली यायचे ते एकाच पायावर, आणि तेही मागच्या मागे घसरत. उड्यांचे सहा प्रकार. त्यातली 'अ‍ॅक्सेल' सगळ्यांत अवघड, कारण ती समोर तोंड करून मारतात आणि उतरताना मागे तोंड हवे. म्हणजे अर्धी गिरकी जास्तीची. तिहेरी अ‍ॅक्सेल म्हणजे प्रत्यक्षात साडेतीन गिरक्या झाल्या.

आणि हे सारे संगीतावर, चेहऱ्यावर दमणूक दिसू न देता! आपण दोन जिने चढून गेलो तरी शेजारणीशी बोलायच्या आधी क्षणभर कठडा धरतो. इथे चार-साडेचार मिनिटे धावत, उडत, गिरकत राहायचे आणि शेवटी हसायचे.

बर्फावर नुसत्या आकृत्या काढायच्या सोडून संगीतावर नाचायचे, ही कल्पना रुजवली जॅक्सन हेन्स या अमेरिकन नर्तकाने, एकोणिसाव्या शतकात, युरोपातल्या व्हिएन्नामध्ये जाऊन. पण कोणत्या सुरावर कोणते पाऊल टाकायचे हे ठरवून देणारा माणूस या खेळात महत्त्वाचा ठरला तो पुष्कळ पुढे. सॅन्ड्राची कामगिरी इथेच आहे.

भावाबहिणीची जोडी

सॅन्ड्राचा जन्म १९५६ सालचा. व्हॅल हा तिचा थोरला भाऊ. दोघे जोडीने स्केटिंग करीत. जोडीच्या प्रकारात मुलगा मुलीला एका हाताने डोक्याच्या वर उचलतो, फिरवतो, दूर भिरकावतो, आणि तिने बर्फावर अलगद उतरायचे. विश्वास असल्याशिवाय हे जमायचे नाही. म्हणूनच की काय, या खेळात भावाबहिणींच्या जोड्या पुष्कळ होऊन गेल्या.

१९७० ते १९७४ अशी सलग पाच वर्षे ही बहीणभाऊ कॅनडाची राष्ट्रीय विजेती होती. पहिल्या वेळी सॅन्ड्रा अवघी तेरा वर्षांची! आपल्याकडे या वयाची मुलगी आठवीच्या भूमितीशी झगडत असते. १९७२ मध्ये जपानातल्या साप्पोरो येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये दोघे नववे आले. दोन वर्षांनी जागतिक स्पर्धेत पाचवे. चढती कमान होती. पुढचे ऑलिंपिक १९७६ साली ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला व्हायचे होते. तोवर सॅन्ड्रा एकोणीस वर्षांची असणार, म्हणजे ऐन उमेदीची.

आणि १९७५ मध्ये तिचा घोटा दुखावला. साधी मुरगळ नव्हे, जबर दुखापत. ज्या खेळात प्रत्येक उडी एका पायावर झेलायची, त्यात घोटा गेला म्हणजे काय उरले? इन्सब्रुक हुकले. भावाबहिणीची जोडी स्पर्धेतून बाजूला झाली.

इथे मला तुम्हाला एक विचारायचे आहे. एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी तुमचे काय सुटले? कुणाचे कॉलेजचे नाटक सुटले असेल, कुणाचा खो-खो. कुणाची गाण्याची पुढची परीक्षा राहिली असेल आणि तंबोरा गवसणी घालून माळ्यावर गेला असेल. दिवाळीच्या साफसफाईला तो खाली येतो, पुसला जातो, पुन्हा वर जातो. "आता काय, आमचे ते दिवस गेले!" असे आपण हसत हसत म्हणतो. हसतो, पण बोलताना हात गवसणीवरून फिरत असतो.

सॅन्ड्राचेही ते दिवस गेले होते. पण तिने आपली विद्या माळ्यावर टाकली नाही.

नाच बसवायचा म्हणजे काय?

स्पर्धा सुटल्यावर सॅन्ड्रा दुसऱ्या खेळाडूंचे नाच बसवू लागली. हे काम दिसते तितके सोपे नाही, बरं का. उड्या शिकवणारा प्रशिक्षक वेगळा. नाच बसवणाऱ्याला त्या उड्या एका माळेत ओवायच्या असतात.

पहिली गोष्ट म्हणजे संगीत. एखादी सिंफनी अर्ध्या तासाची असेल, पण खेळाडूला मिळतात मोजकी मिनिटे. त्यात सुरुवात हवी, मध्य हवा, शेवट हवा, आणि कातरलेली जागा कानाला कळता कामा नये. शिवाय एकेरी आणि जोडीच्या स्पर्धेत २०१४ पर्यंत शब्द असलेले गाणेच चालत नसे. नुसती वाद्ये. म्हणजे गोष्ट सांगायची ती शब्दांवाचून.

दुसरी गोष्ट दमाची. अवघड उड्या कुठे ठेवायच्या? सगळ्या सुरुवातीला ठेवल्या तर पुढचा नाच फिका पडतो, शेवटी ठेवल्या तर पायांत बळ उरत नाही. खेळाडूला श्वास घ्यायला जागा हवी, पण तो श्वास घेतोय हे बघणाऱ्याला दिसता कामा नये. चार पाहुण्यांना वाढताना पोळ्या संपत आल्या की आपण कशी हळूच कोशिंबिरीची वाटी पुढे करतो आणि तेवढ्यात तव्यावर पोळी टाकतो! पाहुण्यांना पत्ता लागत नाही. तसेच हे.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. समोरचा माणूस ओळखायचा. त्याचे अंग कसे आहे, स्वभाव कसा आहे, काय त्याला शोभेल आणि काय उसने वाटेल. सॅन्ड्राचा हातखंडा इथे होता. स्वतः जोडीत नाचल्यामुळे बर्फावर अंगाला काय सोसते आणि काय नाही, हे तिला सांगावे लागत नव्हते.

जुने बूट

तिच्या हाताखालून गेलेल्या पहिल्या मोठ्या जोड्यांतली एक म्हणजे कॅनडाचीच बार्बरा अंडरहिल आणि पॉल मार्टिनी. १९८४ च्या साराएव्हो ऑलिंपिकमध्ये या दोघांकडून पदकाची फार आशा होती. पण ऐन वेळी तोल गेला, आणि दोघे सातव्या क्रमांकावर घसरले. लगेच पुढच्या महिन्यात जागतिक स्पर्धा, आणि तीही स्वतःच्या देशात, ओटावाला. अंडरहिलला नवे बूट काही केल्या सोसत नव्हते. शेवटी तिने जुने बूट पुन्हा पायात घातले. नाच सॅन्ड्राने बसवलेला होताच. ओटावाच्या प्रेक्षकांसमोर दोघांनी तो असा काही केला की जागतिक विजेतेपद त्यांच्याकडे आले.

चांगली रचना असली तरी बूट बोचत असला तर ती उमलत नाही, आणि बूट जमला तरी रचना नसेल तर नुसती कसरत होते. यात दोन्ही लागते.

दोन ब्रायन आणि एक पेच

आता गोष्टीतला खरा पेच सांगते.

अमेरिकेचा ब्रायन बोइटानो हा कॅलिफोर्नियातला उंच, सडपातळ तरुण. उड्या मारण्यात पटाईत. १९८६ मध्ये तो जगज्जेता झाला. पण १९८७ मध्ये अमेरिकेतल्याच सिनसिनाटी शहरात कॅनडाच्या ब्रायन ऑर्सरने त्याला हरवले. दोघांचे नाव एकच, त्यामुळे वर्तमानपत्रांनी 'ब्रायन विरुद्ध ब्रायन' असे युद्धच जाहीर करून टाकले. बोइटानोबद्दल बोलले जाई ते असे, की उड्या काय सुरेख मारतो, पण नाचात जीव नाही.

हरल्यावर बोइटानो आणि त्याला लहानपणापासून शिकवणाऱ्या लिंडा लीव्हर या बाईंनी मदतीसाठी एक दार ठोठावले. ते होते टोरांटोच्या सॅन्ड्रा बेझिकचे.

पेच लक्षात आला का? १९८८ चे हिवाळी ऑलिंपिक व्हायचे होते कॅनडातल्या कॅलगरी शहरात. ऑर्सर कॅनडाचा. उद्‌घाटनाच्या संचलनात देशाचा झेंडा त्याच्याच हातात होता. याआधी १९७६ मध्ये मॉन्ट्रियलला उन्हाळी ऑलिंपिक भरले, तेव्हा यजमान कॅनडाला एकही सुवर्णपदक मिळाले नव्हते. सगळ्या देशाचे डोळे ऑर्सरकडे लागलेले. आणि त्याला हरवायला निघालेल्या परदेशी मुलाचा नाच बसवणार होती कॅनडाचीच मुलगी! माहेरी कार्य आणि आपण उभ्या व्याह्यांच्या बाजूला, असा हा प्रकार.

सॅन्ड्राने काम घेतले आणि ते मनापासून केले.

तिने बोइटानोसाठी दोन नाच बसवले. छोटा नाच 'ले पातिनर' या बॅलेच्या, म्हणजे मेयरबेअरच्या संगीतावर. त्यात तो जुन्या काळचा एक ऐटबाज पोरगा. आपली करामत सगळ्यांना दाखवत फिरणारा. तिहेरी अ‍ॅक्सेलसारखी अवघड उडी मारून झाली की हा पोरगा पात्यावर साचलेला बर्फाचा भुगा बोटांनी पुसतो आणि बेफिकीरपणे खांद्यावरून मागे टाकून देतो. जणू म्हणतो, "त्यात काय एवढं!" ज्याच्या नाचात जीव नाही म्हणत होते, त्याला एका हाताच्या हालचालीने माणूस करून टाकले.

दुसरा, मोठा नाच 'नेपोलियन' या जुन्या मूकपटासाठी पुढे रचलेल्या संगीतावर. त्यात एका सैनिकाच्या आयुष्यातले टप्पे. बोइटानो उंच होता. तिने ती उंची लपवली नाही, उलट कामाला लावली. 'स्प्रेड ईगल' म्हणून एक प्रकार आहे. दोन्ही टाचा एकमेकींकडे, पावले विरुद्ध दिशांना, हात पसरलेले, आणि माणूस घारीसारखा मोठे वळण घेत तरंगत जातो. उडी नाही, गिरकी नाही. बोइटानोने ते वळण असे लांबवले की प्रेक्षकांनी श्वास रोखावा.

१९८७ च्या शरद ऋतूत कॅलगरीच्याच त्या सभागृहात एक स्पर्धा झाली. बोइटानोने हे नवे नाच तिथे पहिल्यांदा कॅनडाच्या लोकांपुढे आणले. ती स्पर्धा जिंकली ऑर्सरने. पण छोट्या नाचाला लोक उभे राहिले. परक्या मुलासाठी, स्वतःच्या घरात!

२० फेब्रुवारी १९८८ ची रात्र. आधीच्या दोन फेऱ्यांनंतर दोघांत जवळजवळ काहीच अंतर नव्हते. जो हा शेवटचा नाच चांगला करील त्याचे सुवर्ण. बोइटानो आधी उतरला. आठ तिहेरी उड्या, त्यात दोन अ‍ॅक्सेल, आणि मधले ते लांबलचक वळण. मग ऑर्सर. तोही उत्तम नाचला. पण एका उडीवर पाय किंचित डगमगला, आणि ठरवलेली दुसरी तिहेरी अ‍ॅक्सेल त्याने दुहेरी केली. नऊ परीक्षकांपैकी पाच बोइटानोच्या बाजूने, चार ऑर्सरच्या. एका मताने सुवर्ण अमेरिकेला गेले. कॅनडाला त्या ऑलिंपिकमध्येही एकही सुवर्ण मिळाले नाही. घरच्या मैदानावरचे सुवर्ण त्यांनी पाहिले ते थेट २०१० मध्ये, व्हँकुव्हरला.

"अगं बाई! मग तिला लोक काय म्हणाले असतील!" असे तुमच्या मनात आलेच असेल. मला विचाराल तर, याच प्रश्नापायी आपल्यातल्या कितीजणी हातातले काम अर्धे सोडतात! जो आपल्याकडे विश्वासाने शिकायला आला त्याला हातचे राखून शिकवायचे, की आहे ते सगळे द्यायचे? सॅन्ड्राने काय केले ते बर्फावर सगळ्या जगाला दिसले. आणि कॅनडाच्या खेळाडूंनी तिला काही वाळीत टाकले नाही. त्यांचा लाडका कर्ट ब्राउनिंग १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये पाठदुखीने बेजार होऊन सहावा आला. त्यानंतरच्या वर्षी तो पांढरा कोट घालून, 'कॅसाब्लांका' या जुन्या चित्रपटातल्या नायकाच्या थाटात बर्फावर उतरला आणि पुन्हा जगज्जेता झाला. तो नाचही सॅन्ड्राचाच.

प्लॅस्टरमधले पाय

दुसरे सुवर्ण क्रिस्टी यामागुचीचे. ही गोष्ट आयांनी जरूर वाचावी. क्रिस्टी कॅलिफोर्नियाची, जपानी वंशाची. जन्मली तेव्हा तिची दोन्ही पावले आत वळलेली होती. तान्हेपणी पायांना प्लॅस्टर, मग खास तयार केलेले बूट. पायांत बळ यावे म्हणून तिने लहानपणी स्केटिंग सुरू केले. तेच पाय १९९२ मध्ये फ्रान्समधल्या आल्बेरव्हिलला ऑलिंपिकच्या बर्फावर उभे राहिले.

तिच्यासमोर होती जपानची मिदोरी इतो. इतोजवळ तिहेरी अ‍ॅक्सेल होती, क्रिस्टीजवळ नव्हती. म्हणजे हत्यारांची तुलना केली तर क्रिस्टी कमी. सॅन्ड्राने तिला नाच दिला 'मालागेन्या' या स्पॅनिश धर्तीच्या संगीतावर, काळ्या आणि सोनेरी पोशाखात. त्या रात्री क्रिस्टीकडूनही चूक झाली. एका उडीनंतर हात बर्फाला टेकला, दुसरी तिहेरी उडी दुहेरीच झाली. पण नाच असा एकजीव बांधलेला होता की एक टाका उसवला म्हणून वस्त्र फाटले नाही. सुवर्ण क्रिस्टीला मिळाले, इतोला रौप्य.

तिसरे सुवर्ण १९९८ चे, जपानातल्या नागानोचे. तारा लिपिन्स्की, वय वर्षे पंधरा. छोट्या नाचानंतर पहिल्या स्थानावर होती मिशेल क्वान. तारा दुसरी. शेवटच्या रात्री ताराने एकामागे एक दोन तिहेरी उड्या सलग मारल्या, आणि नाच संपल्यावर ती आनंदाने किंचाळत बर्फावर धावत सुटली. सहा परीक्षक तिच्या बाजूने, तीन क्वानच्या. तारामागे सॅन्ड्रा होती. आणि क्वानचे नाच बसवणारीही एक बाईच होती, लॉरी निकोल. तीही मूळची स्केटर. टीव्हीवर सगळ्या जगाने दोन मुलींची झुंज पाहिली. त्या दोघींना घडवणाऱ्या दोन बायकांची नावे किती जणांना ठाऊक झाली?

गप्प बसली नाही

पडद्यामागे काम करणारी बाई गरीब गाय असते असा एक समज आहे. तो सॅन्ड्राने २००२ मध्ये खोटा पाडला. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या ऑलिंपिकमध्ये ती एनबीसी या दूरचित्रवाणी कंपनीसाठी समालोचन करीत होती. जोडीच्या अंतिम फेरीत कॅनडाच्या जेमी साले आणि डेव्हिड पेल्टिए यांनी निर्दोष नाच केला. रशियन जोडीच्या नाचात लहानशी चूक झाली होती, तरी सुवर्ण त्यांना जाहीर झाले. सॅन्ड्राने तिथल्या तिथे, हजेरी लावल्यासारखे न बोलता, आपल्या खेळाची लाज वाटते आहे असे साऱ्या देशाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले.

मग चौकशी झाली, एका परीक्षकावर दबाव आल्याचे प्रकरण बाहेर आले, कॅनडाच्या जोडीलाही सुवर्णपदक दिले गेले. सहा गुणांपैकी गुण देण्याची जुनी पद्धत २००४ मध्ये बदलली. आता प्रत्येक उडीला, प्रत्येक गिरकीला वेगळे गुण मोजतात, आणि रचनेलाही वेगळे गुण असतात. म्हणजे नाच बसवणाऱ्याचे काम निदान गुणपत्रिकेत तरी आले!

कॅलगरीला आपल्याच देशाच्या खेळाडूसमोर परक्या मुलाला सगळी विद्या देणारी हीच बाई, आणि सॉल्ट लेक सिटीला आपल्या देशाच्या जोडीसाठी आवाज चढवणारीही हीच. यात विसंगती नाही. दोन्ही वेळा ती चांगल्या नाचाच्या बाजूने होती.

कामाला तोटा नाही

स्पर्धेतून निवृत्त झालेल्या मोठमोठ्या खेळाडूंचा 'स्टार्स ऑन आइस' हा कार्यक्रम गावोगाव फिरायचा. त्याचे नाच बसवण्याचे आणि दिग्दर्शनाचे काम सॅन्ड्राने कित्येक वर्षे सांभाळले. १९९६ मध्ये तिने या कलेवर पुस्तक लिहिले. २००९ मध्ये कॅनडाच्या सीबीसी वाहिनीवर 'बॅटल ऑफ द ब्लेड्स' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. तो ज्यांच्या डोक्यातून निघाला त्यांतली एक सॅन्ड्रा. त्यात काय गंमत होती सांगू? आइस हॉकीचे धिप्पाड खेळाडू, धक्काबुक्की करण्यात सारी हयात गेलेले. त्यांच्या जोडीला फिगर स्केटिंगच्या नाजूक मुली. त्या गड्यांना नाजूक पाती लावून नाचायला शिकवायचे, आणि जिंकलेले पैसे धर्मादाय कामांना द्यायचे. कॅनडात घरोघरी लोकांनी तो पाहिला.

सॅन्ड्राचे लग्न झाले आहे, तिला मुलगा आहे. म्हणजे चूलबोळकी, आजारपणे, शाळेचे डबे हे सारे तिच्याही वाट्याला आले असणारच. एकोणिसाव्या वर्षी घोटा दुखावला तेव्हा तिचे नाचणे थांबले. तिचे नाचाशी असलेले नाते थांबले नाही. एवढाच या हकिकतीचा अर्थ आहे, आणि मला वाटते, तो पुरेसा आहे.

पुढच्या हिवाळी ऑलिंपिकच्या वेळी टीव्हीवर बर्फावरचा नाच लागला, तर हातातले दाण्याचे कूट बाजूला ठेवून पाच मिनिटे पाहा. नाच संपला की खेळाडू कठड्याबाहेर एका बाकावर येऊन बसतो आणि गुणांची वाट बघतो. शेजारी एक-दोन माणसे बसलेली असतात, खांद्यावर हात ठेवून. कॅमेरा त्यांच्यावरून भर्रकन निघून जातो. त्यांतल्या एखादीने तो हात कसा वर करायचा, मान कधी वळवायची, भुगा खांद्यावरून कसा फेकायचा, हे महिनोन्‌महिने समजावून दिलेले असते. तिच्याकडे एकदा नीट बघून घ्या.

आणि हो, माळ्यावरचा तंबोरा या दिवाळीला खाली काढाल, तेव्हा नुसता पुसून वर ठेवू नका. शेजारच्या मुलीला हाक मारा. तारा सैल झाल्या असतील, लावून घेता येतील. तुमचे सूर तिच्या गळ्यातून ऐकायला मिळाले, तर ते तुमचेच असतील ना!